लख्ख तळघर

“चाळीस वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही, ते पुस्तक ठेवायचं कशाला, आक्का?”

श्रीधर हेरवाड्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं. ताराक्का काठी टेकत जिना उतरत राहिल्या.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं ते तळघर. संशोधनाची जुनी पुस्तकं सगळी तिथं. अभ्यास करणारी माणसं आपली आपण खाली उतरायची, कपाटं धुंडाळायची. ताराक्कांनी ती पुस्तकं गावोगाव फिरून, लोकांच्या पाया पडून जमवली आणि इथल्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या. श्रीधर तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होता. आता तो मुख्य ग्रंथपाल. नावाआधी डॉक्टर लागलं होतं आणि मान ताठ झाली होती.

हातात यादी होती. सहाशे बारा पुस्तकं, एकदाही कुणी घरी न नेलेली. उद्या समिती बसली की सगळी रद्दीत, जागा मोकळी. पण समितीतली म्हातारी मंडळी अडून बसली होती. आक्का हो म्हणू देत, मग आम्ही डोळे झाकून सही करतो, म्हणाली.

म्हणून त्यानं गाडी पाठवून त्यांना आणलं होतं. आणि आणायच्या आधी तळघर झाडून, पुसून, यंत्रानं धूळ ओढून लख्ख करून घेतलं होतं. आक्कांचं वेड त्याला ठाऊक. दर शनिवारी त्या स्वतः फडकं घेऊन खाली उतरायच्या. शिपायाला हात लावू द्यायच्या नाहीत. बाईला पुस्तकापेक्षा फडकं प्यारं, असं पोरं मागं म्हणायची. श्रीधरही हसला होता.

आक्कांनी फळीवर बोट फिरवलं. बोट कोरं.

“कालच करून घेतलं सगळं,” तो म्हणाला. “कण सापडायचा नाही.”

“दिसतंय की...”

शाबासकीसाठी पुढं आलेली त्याची मान तशीच राहिली.

त्या जिन्याखालच्या कोपऱ्यात गेल्या. तिथल्या बुटक्या कपाटापर्यंत यंत्राची नळी पोचली नव्हती. पुस्तकांपुढं फळीवर धुळीचा थर. श्रीधरचं तोंड उतरलं. रुमाल काढून तो वाकला.

काठी मनगटावर आडवी आली.

“आधी बघ.”

“काय बघायचं? घाण आहे, आक्का.”

“बघ म्हणते ना...”

त्यानं बघितलं. धूळ फळीभर सारखी. एका पुस्तकापुढं तेवढा, पुस्तकाच्याच रुंदीचा, स्वच्छ पट्टा. कुणीतरी ते ओढलं होतं, परत सारलं होतं. एकदा नव्हे.

त्यानं पुस्तक काढलं. दुष्काळी गावांतल्या विहिरींची जुनी मोजणी. मागची तारखांची चिठ्ठी कोरी. यादीत एकशे चौथं.

“हे कुणी नेलंच नाही,” तो म्हणाला. “कुठं नोंद नाही...”

त्यानं चिठ्ठी पुन्हा उलटून पाहिली.

“इथंच उभ्यानं वाचतंय कुणीतरी.”



त्यानं मागं वळून पाहिलं. कपाटांच्या रांगा आरशासारख्या चमकत होत्या. त्याला शनिवार आठवले. फडकं हातात धरून, पुसायच्या आधी, आक्का कितीतरी वेळ फळीकडे बघत उभ्या असायच्या. बाईची नजर गेली, असं त्याला तेव्हा वाटायचं.

“बाकीच्या सहाशे अकरांचं आता कसं कळायचं?”

“पुसलंस तू. मला काय विचारतोस?”

यादी त्यानं दुमडली. पुन्हा उलगडली.

“आक्का... उद्या समितीला काय सांगू?”

आक्कांनी त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं. जागच्या जागी सारलं. जिन्याची पहिली पायरी चढल्या आणि थांबल्या.

“सांग, थांबा म्हणावं. तळघर अजून पुरतं मळलं नाही.”