दारावर कोरलेलं नाव

आजारी अण्णांना त्यांची जुनी, कधीच विकून टाकलेली फियाट एकदा बघायची होती. केतकीनं इंटरनेटवर जाहिरात टाकली, आणि लगेच एका कर्नलसाहेबांचा फोन आला.

"तीच गाडी आहे! फौजी माणूस खोटं बोलत नाही. आजच ॲडव्हान्स पाठवा."

केतकीचा स्वतःच्या अकलेवर फारसा भरवसा नव्हता. खांद्यावरच्या बाळाला थोपटत तिनं विचारलं, "लहानपणी मी दारावर खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं. आहे का हो अजून?"

"आहे तर! त्यावर रंगसुद्धा चढवू दिला नाही मी, ताई."

"कमाल आहे, कर्नलसाहेब. गाडी विकली तेव्हा मी जन्मलेही नव्हते."

फोन कट झाला.

"मिळाली का गं?" आतून अण्णांनी विचारलं.

केतकी बाळाला घेऊन आत वळली. 'आहे तर' ऐकताना, आपणच रचलेलं ते नाव क्षणभर तिलाही दिसलं होतं.