न बसवलेलं दार

सन एकोणीसशे सत्त्याऐंशी, जुलैचा तिसरा आठवडा. कोकणात तेव्हा भाताची लावणी चालू असेल. तिकडे केनियात, लिमुरूच्या डोंगरावर, ऐन थंडी होती. धुकं दहा वाजले तरी हलत नव्हतं.

“ऋण फिटत का नाही, स्वामीजी?”

धाकू मेस्त्रीने हे उभ्या उभ्याच विचारलं. दुसऱ्याच्या दारात बसायची त्याला सवय नव्हती.

केशवगिरी स्वामी मठाच्या दवाखान्याच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाचं?”

“किलोंझोचं. फाटकावरच्या राखणदाराचं.”

स्वामींनी एक खडा काढून बाजूला टाकला.

धाकू जन्माचा सुतार. चाळीस वर्षं गोदीत रंधा मारला. कोणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही. म्हातारपणी बायकोला घेऊन इथं मठाच्या सेवेला आला, त्याला दोन वर्षं होत आली. अनसूया पहाटे पाचला उठून रोग्यांची पेज रांधायची. हा खाटा ठोकायचा, खिडक्या बसवायचा, संध्याकाळी आरतीला समया पुसून ठेवायचा. दोघांचं काम चोख. महिनाअखेरीस परतायचं होतं, आणि त्याआधी धाकूला स्वामींचा अनुग्रह हवा होता.

स्वामी म्हणाले होते, “अंगावर उपकार असलेल्याला मी मंत्र देत नाही. आधी मोकळा हो.”

उपकार एकच होता. एप्रिलच्या पावसात लाकडाच्या वखारीवरून येताना धाकू घळीत घसरला. पाय मोडला. किलोंझोने त्याला पाठुंगळीला घेऊन तीन मैल चिखलातून दवाखान्यात आणलं. वाटेत तीनदा पडला, पण याला खाली पडू दिलं नाही.

“मी फेडायला काय कमी केलं?” धाकू म्हणाला. “पाय बरा झाला तशी घोंगडी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी हा टोपलीभर रताळी घेऊन हजर. मी चहासाखर दिली. याने अंडी आणली. मी एक पाऊल पुढे टाकलं की हा दोन टाकतो. ऋण कमी व्हायच्या ऐवजी वाढतंच आहे.”

“मग?”

“मग म्हटलं, असं काही देऊ की याला जन्मात परतफेड जमणार नाही. त्याच्या खोपटाला दार नव्हतं. गोणपाट टांगलेलं. महिनाभर राबून सायप्रसच्या लाकडाचं दार केलं. रंधून असं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरावी.”

“घेतलं त्याने?”

“घेतलं. हात फिरवला. हसला. आणि भिंतीला टेकून उभं करून ठेवलं. आज आठ दिवस झाले… गोणपाट तसंच फडफडतंय.”

स्वामी तांदूळ निवडत राहिले.

“माझ्या कामाला नाव ठेवणारा अजून जन्मला नाही, स्वामीजी. हा नाव ठेवत नाही. नुसता हसतो.”

“विचारलंस त्याला?”

“कोणत्या भाषेत विचारू?”

“अनसूयेला येते त्याची भाषा.”

“बायकोच्या तोंडून विचारू?”

आतून अनसूयेचा आवाज आला, “नका विचारू. कुढत बसा.”

स्वामींच्या ओठाची एक कड हलली.

“मेस्त्री, दाराचं माप कसं घेतलंस?”

“दोरी लावून. चौकटीला.”

“कुठून?”

“बाहेरून.”

“आतून कसं आहे त्याचं घर?”



“मला काय माहीत?”

“चार वेळा गेलास ना?”

“पाच. दारातच सामान ठेवून परत फिरलो. आपण द्यायला गेलेली माणसं. आत जाऊन काय करायचं?”

“तो काय म्हणतो, तू दारात उभा असतोस तेव्हा?”

“करीबू, करीबू म्हणतो. म्हणजे या, आत या. तेवढं कळतं मला.”

“आणि तू?”

“मी म्हणतो, राहू दे.”

अनसूया पदराला हात पुसत बाहेर आली. “मी पहिल्याच महिन्यात जेवले त्याच्याकडे,” ती म्हणाली. “त्याची बायको काय सुरेख घेवडा शिजवते.”

“मला बोलली नाहीस ती?”

“बोलले असते तर तुम्ही मला अंगणात उभी करून डोक्यावर पाणी ओतलं असतं.”

धाकूने तिच्याकडे पाहिलं. मग नजर धुक्याकडे वळवली.

स्वामींनी सूप खाली ठेवलं. काठी घेतली आणि निघाले. कुठे, ते बोलले नाहीत. मागून अनसूया. तिच्या मागून धाकू, थोडा लंगडत.

खोपटापाशी किलोंझो लाकडं फोडत होता. उंच, काळाभोर, कानशिलावरचे केस पिकलेला माणूस. धाकूच्याच वयाचा असेल. भिंतीला ते दार टेकून उभं होतं. त्यावर दव साचू नये म्हणून त्याने धाकूचीच घोंगडी पांघरली होती.

“करीबू,” तो म्हणाला.

स्वामी गोणपाट सारून आत शिरले. अनसूयाही गेली. धाकू बाहेर उभा राहिला.

“विचार त्याला,” आतून स्वामी म्हणाले.

अनसूयेने उंबऱ्यातूनच विचारलं. किलोंझोने कुऱ्हाड खाली ठेवली, धाकूकडे बघितलं आणि बराच वेळ सावकाश बोलला. ती ऐकत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, दार फार चांगलं आहे. असं दार त्याच्या गावच्या मुखियाकडेही नाही.”

“मग?”

“म्हणतो… दार नव्हतं, तेव्हा हा माणूस आत आला नाही. दार लावल्यावर काय येणार?”

गोणपाट वाऱ्याने उडून परत खाली पडलं.

धाकूने भिंतीकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं. नाक ओढलं. थंडी होतीच.

मग त्याने चपला काढल्या.

चौकट बुटकी होती. तिचं माप त्यानेच घेतलं होतं, तरी कपाळ आपटलंच. वाकावं लागेल हे मापात कुठे येतं? किलोंझो मोठ्याने हसला. धाकू चुलीशी मातीच्या जमिनीवर बसला. दुखरा पाय लांब केला.

किलोंझोच्या बायकोने एकत्र शिजवलेल्या मका-घेवड्याचा कटोरा पुढे केला. धाकूने दोन्ही हातांनी घेतला. खाली मान घालून खाऊ लागला. मीठ कमी होतं. तो काही बोलला नाही. कटोरा बोटाने पुसून काढला आणि हातातच धरून बसला.

अनसूया बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने परक्या घरी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. सख्ख्या सासुरवाडीतही नाही.

धाकूने कटोरा पुढे धरला.

“थोडं… अजून वाढ.”

मराठीतच म्हणाला. किलोंझोने बायकोच्या हातातली पळी काढून घेतली आणि स्वतः वाढलं, काठोकाठ.

धाकूने स्वामींकडे पाहिलं.

“फिटलं, मेस्त्री,” स्वामी म्हणाले. “जेव आता.”