घोडीची चंदी आणि बाळंतिणीची पेज

फार पूर्वी सुवेल नगरावर जयघोष राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पागेत घोडा होऊन जन्मले. रंग तांबूस, म्हणून सगळे त्यांना पिंगल म्हणत. पेरणीच्या उत्सवात राजा ज्या घोड्यावर बसून शेताकडे जाई तो मंगलाश्व, आणि हा मान पिंगलाचा होता. अंगावर घुंगरांची झूल, गळ्यात माळा, वाटेत ओवाळायला बायकांची ही गर्दी. कुणालाही हेवा वाटावा असाच थाट.

त्या नगराला आपल्या पांढऱ्याशुभ्र भाताचा भारी तोरा. कुळीथ, हरभरा, मटकी सगळं जायचं पागेत, घोड्यांच्या चंदीला. माणसाच्या ताटात कुळीथ दिसला की त्याचं घर बुडालं असंच लोक धरून चालत. आता काय म्हणावं या शहाणपणाला! पिकवायचं आपण, आणि त्यातलं सगळं बळ घोड्याच्या तोंडी.

पिंगलाची सेवा भद्रक नावाचा मोतद्दार करी. माणूस इमानी आणि हाताचा हळुवार. खरारा करताना घोड्याशी घरच्यासारखा बोलायचा. पागेला लागूनच त्याचं घर होतं. घरात म्हातारी आई, बायको उत्पला आणि नुकतीच जन्मलेली मुलगी.

त्या घरात बाळंतिणीला फक्त तांदळाची पेज मिळे. सासू ती मायेनं करी, वर तुपाची धार सोडी. "पातळच पी गं बाई," ती म्हणे. "पातळ प्यायलं की दूध भरपूर येतं. डाळ-कडधान्य नको, लेकराच्या पोटात वारा धरेल." उत्पला मुकाट्यानं पिई. पण तिचे केस मुठीमुठीनं गळू लागले, पावलं सुजली, उठताना भिंत धरावी लागू लागली. दूध आटत चाललं. पोर रडून रडून दमून जाई. पागेतल्या उबेत ती जरा शांत व्हायची, म्हणून उत्पला तिला घेऊन पिंगलाजवळ येऊन बसे.

बोधिसत्त्व हे रोज पाहत होते. शेजारच्या ठाणात एक घोडी नुकतीच व्यालेली होती. भद्रक तिच्यापुढे शिजवलेल्या कुळथाची दुप्पट चंदी ठेवी, आणि तिचं शिंगरू पागाभर उड्या मारत फिरे. इकडे त्याचीच लेक आईच्या छातीला लागून उपाशी. बोधिसत्त्वांचा जीव तुटला.

त्या दिवसापासून ते आपली निम्मीच चंदी खाऊ लागले. उरलेली पाटी नाकानं ढकलत उत्पलापुढे नेत.

"अहो, तो मला देतोय," उत्पला एकदा म्हणाली.

"वेडी का काय तू?" भद्रकानं पाटी मागे ओढली. "राजाच्या घोड्याचा दाणा आपण शिवायचा? आणि लोक काय म्हणतील, मोतद्दाराची बायको चंदी खाते! पिंगल्या, खा की रे बाबा, कशाला माझ्या जिवाला घोर लावतोस?"

पिंगल काही खाईना. उत्सव तोंडावर आला होता. असंच चाललं तर मान जाणार हे बोधिसत्त्वांना स्पष्ट दिसत होतं. जाऊ दे, ते मनाशी म्हणाले.

मंगलाश्व पाहायला राजा पागेत आला आणि पिंगलाच्या बरगड्या बघून जागीच थांबला.

"चंदी जाते कुठे रे याची?"

"महाराज, तो पाटीत ठेवतो. मी किती विनवलं..."

"पाटीत ठेवतो की तुझ्या घरात जाते?" राजा संतापला. "चोरा! आजच्या आज बायकामुलांसकट नगराबाहेर हो!"

ते ऐकून दारात उभी असलेली उत्पला पोरीला उराशी धरून मटकन खाली बसली. या अवस्थेत ती वाटेतच मरणार, आणि तिच्यामागे लेकरूही. तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीनं बोलले.

"महाराज, या माणसानं माझा एक दाणाही घेतला नाही. मी देत होतो, तरी घेतला नाही. त्याला एवढंच विचारा, पाजणाऱ्या घोडीला तो काय घालतो?"

राजा चकित झाला. त्यानं भद्रकाकडे पाहिलं.

"शिजवलेला कुळीथ, महाराज," भद्रक म्हणाला. "दुप्पट. नाहीतर घोडी खंगते, तिला दूध उतरत नाही, शिंगरू..." बोलता बोलता त्याची नजर बायकोच्या सुजलेल्या पावलांवर गेली.

"आणि घरी?" राजानं हळूच विचारलं.

"पेज, महाराज." भद्रकानं तोंड ओंजळीत लपवलं आणि तो रडू लागला.

त्याची आईही तिथं आली होती. ती म्हणाली, "महाराज, त्याला बोलू नका. पेज मीच करते. माझ्या सासूनं मला तीच दिली. याच्या आधीची माझी दोन लेकरं दुधावाचून गेली. मी म्हटलं, माझ्या नशिबातच नव्हती."

राजाचा राग कुठल्या कुठे गेला. भद्रकाची क्षमा मागून त्यानं आज्ञा दिली, की आजपासून नगरातल्या प्रत्येक बाळंतिणीचा वाटा पागेच्या कोठारातून निघेल. राजवाड्यात त्यानं स्वतः पहिल्यांदा कुळीथ मागवला आणि सगळ्यांदेखत भाताशी कालवून खाल्ला. मग कुणाची लाज आणि कसलं काय! घराघरातून लसणीची फोडणी दरवळू लागली. म्हातारी सुनेला आता पेजेबरोबर वाटीभर कुळथाचं घट्ट कढण देई आणि संपेपर्यंत समोरून हलत नसे.

उत्सवाची झूल त्या वर्षी दुसऱ्या घोड्याच्या पाठीवर चढली. वाजतगाजत मिरवणूक निघाली तेव्हा पिंगल पागेतच होते. उत्पला त्यांच्याजवळ बसून लेकीला पाजत होती. पोट भरल्यावर पोर पिता पिता झोपली, आणि बोधिसत्त्व आपली चंदी शेवटच्या दाण्यापर्यंत चवीनं खात राहिले.

आपल्या मागल्या जन्माची ही गोष्ट सांगून शास्ते विहारात समोर बसलेल्यांना म्हणाले, "तेव्हाचा जयघोष म्हणजे आज इथं आलेला हा श्रेष्ठी. भद्रक आणि उत्पला म्हणजे विहाराच्या गाई राखणारं हे जोडपं. तिची सासू म्हणजे आजाऱ्यांसाठी रोज मुगाचं कढण आणणारी ही उपासिका. आणि दुधावाचून गेलेली तिची दोन लेकरं म्हणजे दुखण्यातून उठलेले हे दोन तरुण भिक्षू, जे सकाळपासून तिच्या कढणाची वाट बघत बसलेत. पिंगल घोडा मीच होतो. आपल्या पोटचा घास काढून देण्याची जी दानपारमिता, ती मी त्या जन्मी पागेत उभ्या उभ्या शिकलो."