मगदूमांची नारंगी गाडी

"पण दोषच सापडत नाही, तर लिहू कुठून, उस्ताद?"

यशोधन टेंबेनं हातातला अहवाल बाकड्यावर ठेवला. चाळीस पानं, दोनशे फोटो. शेवटच्या पानावर सहीची जागा तेवढी कोरी होती.

दस्तगीर शिकलगार खिळे सरळ करत बसले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली पत्र्याची शेड, आणि पंचावन्न वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढलेला माणूस. पुढ्यात एक जाड लोखंडी तुकडा, त्यावर वाकडा खिळा, वर हातोडीचा एक टोला. खिळा सरळ झाला की डब्यात.

"दोष न्हाई म्हणतोस, तर सही कर की."

"करणारच आहे. पाच वाजेपर्यंत करायची आहे. पण त्याआधी तुम्ही एकदा हो म्हणावं, असं वाटलं."

"का?"

यशोधननं अहवालाची पानं उगाच सारखी केली. बारा वर्षांत तो या शेडमध्ये फिरकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर अठरा जुन्या गाड्यांचा लिलाव होता. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एकच गाडी होती. एकोणसत्तर सालची, अमेरिकन, नारंगी, दोन दारांची. मसल कार म्हणतात तसल्या गाडीला. अंगानं आटोपशीर आणि पोटात ट्रकाला शोभेल एवढं इंजिन.

जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी भूपालअण्णा मगदूम यांनी ती सत्तर साली बोटीनं आणवली, गाडी दिसायच्या आधी सगळ्या तालुक्याला ऐकू यायची, अण्णा गेल्यावर ती गोदामात पडून राहिली आणि आता नव्यासारखी उभी केली आहे, अशी तिची हकिगत पुस्तिकेत चार पानं भरून दिली होती.

तशीच गाडी अमेरिकेतून आज आणली तर जी किंमत पडेल, तिच्या चौपट किंमत या गाडीला धरली होती. ती चौपट लोखंडाची नव्हती, हकिगतीची होती. आणि हकिगत खरी आहे हे सांगायला यशोधनची सही हवी होती. या बाजारात खोटं बोलायला तोंड लागत नाही. जाड कागद आणि खाली एक वजनदार सही एवढ्यावर भागतं.

उस्तादांनी अहवालाशेजारच्या पुस्तिकेकडे बोट केलं. "तुझं काय लिवलंय त्यात?"

यशोधननं वाचून दाखवलं. देशातल्या मोजक्या तज्ज्ञांपैकी एक. शंभरावर गाड्या तपासलेल्या. त्यातल्या एकेचाळीस खोट्या ठरवलेल्या. उस्ताद दस्तगीर शिकलगार यांच्याकडे सहा वर्षं शिकलेले...

हातोडी खिळ्यावर थांबली.

"सहा," उस्ताद म्हणाले.

मग टोला बसला. खिळा डब्यात गेला.

यशोधन घाईघाईनं अहवालाकडे वळला. चॅसीचा नंबर, इंजिनाचा नंबर, काचांवरचे शिक्के, सगळं त्याच सालचं. रंगाची जाडी यंत्रानं मोजलेली. दारांच्या पोकळीत कॅमेरा घालून पाहिलेलं. इंजिन कारखान्यात बसवलं त्यानंतर कधी उतरवलेलंच नाही. ज्यावर इंजिन बसतं ती खालची आडवी पट्टीसुद्धा मूळचीच, तिच्यावर कारखान्याचा शिक्का आहे.

"ही पट्टी मूळची, हे तू बघितलंस? का कुणी सांगितलं?"

"मी स्वतः बघितलं. शपथेवर सांगतो."

"आणि गाडी भूपालअण्णांची."

"तसे कागद आहेत."

उस्ताद हसले. म्हणाले, अण्णांची गाडी मला ठाऊक आहे. मग त्यांनी जे सांगितलं, ते चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल भडकलं. त्या गाडीला जयसिंगपुराहून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे पेट्रोलचा डबा डिकीत ठेवावा लागायचा. अण्णा एक दिवस गाडी घेऊन याच शेडमध्ये आले आणि तोंड फिरवून म्हणाले, काढ ते इंजिन. त्याच्या जागी टेम्पोचं डिझेल इंजिन बसलं. ते धडधडायचं, म्हणून आडव्या पट्टीवर डावी-उजवीकडे दोन जाड प्लेटा वेल्ड केल्या. पंचवीस वर्षांचा दस्तगीर त्या कामात कोपरापर्यंत भाजला होता. त्यानंतर जिल्ह्यातल्या आणखी दहा बड्या गाड्यांचं हेच ऑपरेशन त्यानं केलं.

"पिठाच्या गिरणीगत वाजायची," उस्ताद म्हणाले. "गाडी आली की लोक गव्हाचे डबे घेऊन दारात उभे ऱ्हायचे. चेष्टेनं. अण्णा लई चिडायचे."

यशोधन हसला नाही.

"याची नोंद कुठे आहे? पावती? काही लेखी?"

"लोखंडावर लिवलंय की."

"पट्टीवर काहीच नाही, उस्ताद. मी हात फिरवून बघितलं. गुळगुळीत आहे."

"हं..."

त्या हुंकारात काय होतं ते यशोधनच्या ध्यानात आलं, आणि तो लगेच भांडायला उठला. हे त्याचं जुनंच. म्हणाला, गुळगुळीत असण्यानं काय सिद्ध होतं? गाडी नव्यानं उभी करणाऱ्यानं मूळ इंजिन परत बसवून प्लेटा कापल्या असतील. वेल्डिंग घासून काढलं असेल. चांगला कारागीर खूण ठेवतच नाही. नसलेल्या गोष्टीचा पुरावा मी कसा धरू? उद्या मला कुणीही कोर्टात उभं करेल.

मुद्दा बिनतोड होता. उस्तादांनी मान डोलावली. मग ज्याच्यावर खिळे ठोकत होते तो लोखंडी तुकडा उचलून यशोधनच्या मांडीवर ठेवला. त्याच्या मधोमध वेल्डिंगचा एक जाड, ओबडधोबड वळ होता.

"अण्णांच्या गाडीला हात लावायच्या आदी यावर हात बसवला होता. घास."

"काय?"

"ग्राइंडर तिथं हाय. चांगला कारागीर हैस न्हवं? खूण ठेवू नगंस."

यशोधननं लिननच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ठिणग्या उडाल्या. आधी ग्राइंडर, मग बारीक पॉलिश पेपर. दहा मिनिटांत तुकडा आरशासारखा झाला. त्यानं बोट फिरवलं. वळ कुठे होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"झालं. आता दाखवा कुठे होतं ते."

उस्तादांनी जेवणाचा डबा उघडला. भाकरी, खर्डा, कांदा, एक लिंबू. त्यांनी लिंबू कापलं आणि अर्धी फोड त्या चकचकीत लोखंडावर चोळली. चोळताना दात आवळून श्वास आत ओढला. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, काही जुन्या, काही कालच्या.

"तू चोळ."

यशोधननं दुसरी फोड चोळली.

"झोंबलं?"

"नाही."

उस्तादांनी त्याच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

दोघं जेवले. तासाभरानं उस्तादांनी तुकडा ओल्या फडक्यानं पुसला आणि उजेडाकडे धरला. मधोमध एक काळपट, नागमोडी पट्टा उमटला होता. घासून नाहीसा केलेला वळ जागच्या जागी. वितळून थिजलेलं लोखंड आंबटानं निराळं काळवंडतं.

यशोधन कितीतरी वेळ ते बघत राहिला. वीस हजारांचं यंत्र आणि दोन रुपयांचं लिंबू...

"हे मला तेव्हा का नाही शिकवलंत?"

"तू ऱ्हायला होतास कुठं?"

तीन वाजले होते. यशोधननं कोपऱ्यावरच्या गाड्यावरून चार लिंबं घेतली आणि हॉटेल गाठलं.

लिलाव कंपनीचे व्यवस्थापक देवस्थळी हिरवळीवर खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होते. तज्ज्ञाला गाडीखाली शिरताना पाहून ते धावत आले. यशोधननं सांगितलं, शेवटची एक तपासणी राहिली आहे. तपासणीचा हक्क करारातच होता, त्यामुळे देवस्थळींना गप्प बसावं लागलं. पण खिशातून लिंबू निघालं तेव्हा त्यांना राहवेना.

"टेंबेसाहेब, लिंबू उद्या पूजेला मारू. आत्ता सही मारा."

खाली जागा थोडी होती. आडव्या पट्टीवरचा रंग डावीकडे वीतभर खरवडायचा, उजवीकडे वीतभर. पॉलिश पेपर सटकला आणि यशोधनची मूठ एका बोल्टवर जोरात घासली. चार बोटांची कातडी गेली. त्यानं तसंच लिंबू पिळलं. रस लोखंडावरून ओघळून बोटांवर आला आणि तो कळवळला. एवढी आग त्याच्या हाताला कित्येक वर्षांत ठाऊक नव्हती.

मग तो गवतावर बसून राहिला. दिव्याच्या माळा लागत होत्या. कुणी माईक तपासत होतं. नारंगी रंग उन्हात असा काही पेटला होता की येणारा-जाणारा थांबून बघत होता. यशोधनला एकदम जाणवलं की आपण मनातल्या मनात वळ उमटावा म्हणून धावा करतो आहोत. आजवर शंभर गाड्या तपासल्या, पण गाडीत डाग निघावा असं प्रथमच वाटत होतं. डाग निघाला तर गाडी मगदूमांची. मग अहवालात दुरुस्ती करावी लागेल, भाव जरा उतरेल, पण मुखपृष्ठ वाचेल. आणि आपणही.

तासानं तो पुन्हा खाली गेला. फडक्यानं पुसलं. टॉर्च मारला.

डावीकडे काही नव्हतं. उजवीकडेही काही नव्हतं. दोन्हीकडचं लोखंड सारखंच काळवंडलं होतं, रेघसुद्धा वेगळी नव्हती. जशी कारखान्यातून निघाली तशी पट्टी. हिला कधी कुणी वेल्ड केलं नव्हतं. ही कधी गिरणीसारखी वाजली नव्हती. जयसिंगपूर हिनं पाहिलंच नव्हतं.

देवस्थळी वाकून बघत होते. "काही निघालं?"

"काहीच नाही."

"वा! मग प्रश्नच मिटला."

यशोधन बाहेर आला. पाचला दहा मिनिटं कमी होती. त्यानं शेवटचं पान उघडलं आणि सहीच्या वर चार ओळी लिहिल्या. गाडी त्या सालची, मूळ आणि उत्तम. भूपालअण्णा मगदूम यांच्या गाडीच्या पट्टीवर वेल्डिंग केलेलं होतं. या गाडीच्या मूळ पट्टीवर ते कधीही झालेलं नाही. ही गाडी त्यांची नव्हे.

खाली सही केली. कागदावर बोटांचं थोडं रक्त लागलं.

देवस्थळींनी वाचलं. आवाज चढवला नाही. तसले लोक चढवत नाहीत. ते म्हणाले, सही करणारा सात वाजेपर्यंत दुसरा मिळेल, पुण्यात अशी पाच माणसं आहेत. तुमचं पान पुस्तिकेतून काढावं लागेल. आणि पुढच्या वर्षीचं तुम्ही धरून चालू नका. मग त्यांनी हात पुढे केला. यशोधनला वाटलं, हात मिळवायला. त्यांना गळ्यातला बिल्ला हवा होता.

दिवेलागणीला तो शेडमध्ये परतला तेव्हा उस्ताद दार ओढून घेत होते. त्याला पाहून त्यांनी ते पुन्हा उघडलं.

यशोधननं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "खोटी निघाली गाडी."

"गाडी कशी खोटी? ती कुठं म्हणाली हुती, मी अण्णांची म्हणून?"

बाकड्यावर दुपारची पुस्तिका तशीच पडली होती, त्याच्याच पानावर उघडी. त्याचा फोटो. खाली ओळ. ती वाचायला उजेड पुरत नव्हता, पण ती त्याला पाठ होती.

उस्तादांनी त्याचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सोललेली बोटं दिव्याकडे धरून पाहिली. मग घमेल्यातल्या पाण्यानं हळूहळू धुतली.

"झोंबलं?"

"हो."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, आणि ती दाद देत नव्हती.

"किती दिवस हुतास रं माझ्याकडं?" उस्तादांनी विचारलं. "खरं."

यशोधननं पुस्तिका मिटली.

"आठ महिने, उस्ताद."

उस्तादांनी त्याच्या बोटांना स्वच्छ फडकं गुंडाळलं, गाठ मारली, गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"आज धरून?"