सोनवठची अळणी पेज

देवळाच्या अंगणात पाय ठेवताना जरा खाली बघा. ते वायन आहे, म्हणजे जमिनीत रोवलेलं दगडी उखळ. पाहुणे कायम त्यात ठेचकाळतात आणि मग विचारतात की देवाच्या दारात हे कुणी ठेवलं. दसऱ्याला आलात म्हणून सांगतो. दुपारी तरंग बाहेर निघेल, म्हणजे देवाचा उंच खांब, वर चांदीचा मुखवटा, खाली लुगड्यांचा घेर. तो खांद्याला लावून जो नाचतो, ज्याच्या अंगात रवळनाथाचा अवसर येतो, म्हणजे देव संचारतो, त्याला आम्ही देवाचं झाड म्हणतो. इतर गावांत ढोल वाजत असतानाच अवसर येतो. सोनवठात ढोल आधी थांबवतात. मग बायका या वायनात भात कांडायला लागतात, आणि देव यायचा असेल तर त्या मुसळाच्या आवाजावर येतो.

हे कसं सुरू झालं, ते आनशीमुळे. आनशी ही धाकूची बायको, आणि धाकू त्या काळचं देवाचं झाड. माणूस साधा, गाईसारखा गरीब. पण तरंग खांद्यावर आला की त्याच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती म्हणे. नवस, भांडणं, हरवलेली गुरं, सगळं गाव त्याच्या तोंडून देवाला विचारायचं आणि जो शब्द निघेल तो मानायचं.

आनशीला मात्र या सगळ्यातलं एक वेगळंच ठाऊक होतं. अवसर उतरल्यावर धाकू घरी आला की त्याला मिठाची चव सोसत नसे. अळणी पेज मागायचा, वाटीभर प्यायचा आणि ओटीवरच आडवा व्हायचा. अंगणात आपण काय बोललो ते त्याला दुसऱ्या दिवशी लोकांकडून कळायचं. लग्न झाल्यापासून यात कधी फरक पडला नव्हता.

एका वर्षी वरची झर आटायला लागली. सगळ्या गावाचं पाणी तिच्यावर. दसऱ्याला गावच्या पहिल्या मानकऱ्याने, विसाजी गावकराने, तरंगासमोर तांदूळ धरून विचारलं, पाणी का गेलं? ढोल वाजत राहिले, वाजतच राहिले. धाकू उभा होता. घाम फुटला, पण अंग काही हललं नाही. गाव टक लावून बघतंय, ढोलकऱ्यांचे हात दुखायला आलेत, गावकराच्या कपाळाला आठी. शेवटी धाकू घुमायला लागला आणि बोलला, की वरच्या वाडीने झरीत गुरं घातली, झर बाटली, त्यांनी झरीवर पाय ठेवू नये.

ही कुजबुज तर गावात आठ-पंधरा दिवस चालूच होती. देवाने तेच सांगितलं म्हटल्यावर लोकांना बरंच वाटलं. आपल्या मनातलं देवाच्या तोंडून आलं की कुणाला आवडत नाही?

त्या संध्याकाळी आनशीने नेहमीसारखी अळणी पेज पुढे ठेवली. धाकूने एक घोट घेतला आणि सहज म्हणाला, "पेजेक मीठ कमी पडला."

आनशीचा हात वाटीवरच राहिला. धाकूलाही आपण काय बोललो ते कळलं. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिने मीठ आणून दिलं.

आता यात तिची पंचाईत बघा. वरची वाडी म्हणजे तिचं माहेर. तिची म्हातारी आई रोज कळशी घेऊन लांबच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, उतरायची आणि दर चढणीला बसून धापा टाकायची. गुरं कुणी घातली नव्हती, हे आनशीला पक्कं ठाऊक. पण खरं बोलावं तर नवरा खोट्या अवसराचा ठरतो. अशा माणसाला गाव पाण्यालाही विचारत नाही, मग घराचं काय व्हायचं? न बोलावं तर आई मरते. इकडे आड, तिकडे विहीर. ती धाकूवर चिडायची, आणि रात्री तो कूस बदलत जागा असलेला दिसला की तिला त्याची कीवही यायची. आई तर उलट तिचीच समजूत घालायची. "देवाचो शब्द आसा गो. आपण काय करतलव?" हे ऐकून आनशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वर्ष सरत आलं, झर काही वाढली नाही. वरच्या वाडीची माणसं कंटाळली. भात कापून झालं की दसऱ्यानंतर गाव सोडायचं, खाडीपलीकडे कुणा नातेवाइकांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. कणग्या रिकाम्या झाल्या, भांडी बांधून झाली. जाण्याआधी एकच मागणं होतं, की देवाला एवढं विचारा, आम्ही कधी परत यायचं?

दसरा उजाडला. नव्या भाताचा नैवेद्य असतो, तो कांडायला बायका याच वायनाशी बसल्या होत्या. आनशीच्या हातात मुसळ होतं. समोर धाकूच्या खांद्याला तरंग, भोवती ढोल, आणि एका कडेला वरच्या वाडीची माणसं, त्यांच्यात तिची आई. गावकराने विचारलं. ढोल तापले. धाकू उभाच.

तेवढ्यात त्याने आनशीकडे बघितलं. अंगात देव आलेला माणूस बायकोकडे बघत नाही. तिने ओळखलं की आता हा पुन्हा आपला आपणच घुमणार, आणि या वेळी तोंडातून जे निघेल त्याने तिची आई कायमची जाणार.

तरंगापुढे तेव्हा बायका जात नसत. आनशी गेली. मुसळ हातात तसंच. थेट ढोलकऱ्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ढोल थांबवा. देव येवक नाय. माणसाक कित्याक हालयतास?" देव आलेलाच नाही, असं तिने भर अंगणात सांगितलं.

ढोल थांबले. दटावलं म्हणून नव्हे, ढोलकरी दचकले म्हणून थांबले. विसाजी गावकर धाकूकडे वळला. धाकूने तरंगाचं बूड जमिनीला टेकवलं. त्याच्या तोंडावर, असं सांगतात, वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"देव येवक नाय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी पण येवक नव्हतो. मीच बोललंय."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी म्हणालं तरंग काढून घ्या, कुणी म्हणालं याला वाळीत टाका. एक जण तर हात उगारून आला. वरच्या वाडीतली माणसं नुसती रडत होती. आनशी मधे उभी. पुढे काय करायचं हे तिने ठरवलेलंच नव्हतं. तिच्या डोळ्यापुढे एकच गोष्ट आली, अर्धवट कांडलेलं भात. देव नाही आला म्हणून त्याला उपाशी ठेवायचं थोडंच? ती वायनाशी परत गेली आणि कांडायला लागली.

एकटीचंच मुसळ वाजत होतं. मग गर्दीतून तिची आई पुढे आली, दुसरं मुसळ उचललं आणि लेकीच्या समोर उभी राहिली. वर्षभरात गावच्या कामाला त्या वाडीचा हात लागला नव्हता. कुणी अडवलं नाही. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. हळूहळू गलका निवला, कारण तो आवाज घराघरातला होता, त्यावर कोण ओरडणार?

आणि म्हणे, तरंगाच्या लुगड्याला हालचाल झाली. वारा नव्हता. धाकू तरंग धरून खाली बसला होता तो उठला. या वेळी त्याने कुणाकडेच बघितलं नाही. तरंग खांद्याला लागला, आणि मुसळाच्या ठेक्यावर तो असा नाचला की जुनी माणसंही मागे सरली. नाचत नाचत तो देवळाबाहेर पडला, चढण चढला, झरीपाशी पोचला. मागे सगळं गाव.

"गेल्या वर्षी मी बोललंय नाय," देव म्हणाला. "आता बोलतंय." आणि तरंगाचं बूड झरीच्या तोंडाशी गाळात रोवलं. "हयसर खणा. सगळ्यांनी."

खणलं. दरड सरकून मोठाले धोंडे आत बसले होते, पाणी त्यांच्यामागे अडून दुसरीकडे झिरपत होतं. खालच्या वाडीने पहारी आणल्या, वरच्या वाडीने धोंडे ओढले. संध्याकाळपर्यंत आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग बघता बघता नितळ. आनशीच्या आईने पहिली ओंजळ गावकराला दिली. विसाजीने ती दोन्ही हातांनी घेतली, आणि गाव सोडायला बांधलेली भांडी त्याने स्वतः सोडली.

घरी आल्यावर आनशीने पेज वाढली, अळणी. या खेपेला तिने पानाच्या कडेला चिमूटभर मीठही ठेवलं. देव आला की नाही, हे तिला नवऱ्याकडून वदवून घ्यायचं नव्हतं. त्याला हवं तर घेईल. मीठ वाढून तिने तोंड चुलीकडे फिरवलं. धाकू पेज प्यायला आणि आडवा झाला. खूप वेळाने तिने वळून पाहिलं. मीठ होतं तिथेच होतं. मग मात्र आनशी पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

तेव्हापासून सोनवठात ढोलाने देवाला ओढत नाहीत. देव नाही आला तर झाड सगळ्यांसमोर सांगतं, "येवक नाय," आणि गावकर त्याला मानाचा नारळ देतो, देव आला असता तर दिला असता तोच. बाहेरचे हसतात. हसू देत. नाही म्हणायची मुभा आहे म्हणूनच आमच्या झाडाच्या होकारावर गाव डोळे मिटून चालतं. मागच्या दसऱ्याला नाही आला. आमचा गजा सध्याचं झाड, एरवी एसटीत कंडक्टर. त्याने सांगितलं, नारळ घेतला, आणि घरी जाऊन पेजेत मीठ कालवून दोन वाट्या प्यायला. झर मात्र वाहतेच आहे, तुम्ही येताना तिचंच पाणी प्यायलात.

यंदा काय होतं ते दुपारी बघालच. संध्याकाळी गजाच्या ओटीवर पेजेला थांबा. आजही झाडाच्या पानावर मीठ घरची बाईच वाढते, आणि वाढून झालं की तोंड चुलीकडे फिरवते.