न झालेली जखम

हौसाची झोप उडवली ती तीन वर्षांच्या चिमीने. "आई, तुझा हात चावतो," म्हणाली आणि थोपटून घ्यायला आजीकडे सरकली.

चावेल नाही तर काय! हौसा राजाच्या रंगशाळेत निळीचे हौद ढवळायची. निळीत चुना, आणि चुन्याने हाताला चिरा. कामाआधी खोबरेल-मेणाचा लेप चोपडला तर कातडी वाचते, हे तिला ठाऊक होतं. लहान तोंडी मोठा घास तर होत नाही ना, असं सात वेळा मनाशी घोकून ती चिमीला कडेवर घेऊन दरबारात गेली.

"लेप? चिरा पडल्या की वैद्य बघेल," राजा म्हणाला.

"पडू नयेत म्हणून हवाय, महाराज. सगळ्या रंगाऱ्यांना."

"दुखण्याआधी औषध!" कारभारी दाजीपंत फिसकन हसले. "उद्या म्हणशील, शिंकेआधी रुमाल द्या."

राजाला स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक. "ठीक. लेपाने टळलेली, न झालेली जखम उद्या इथे दाखव. दाखवलीस तर सगळ्यांना लेप. नाही तर रंगशाळेचं दार तुला बंद."

दुसऱ्या दिवशी हौसा आली, कडेवर चिमी, डोक्यावर पिकलेला फणस. तिने फणसाला कोयत्याने चीर दिली.

"जखम यात आहे. महाराजांनीच उकलावा."

फणस म्हणजे राजाचा जीव की प्राण. त्याने बाह्या सारल्या. दाजीपंत तेलाची वाटी घेऊन धावले. राजाच्या उजव्या हाताला तेल लावून डावा धरणार, तोच हौसा म्हणाली, "थांबा पंत. महाराजांना चीक कुठे लागलाय?"

"अगं, लागू नये म्हणूनच तर..." पंतांनी जीभ चावली.

"चीक लागण्याआधी तेल? उद्या म्हणाल, शिंकेआधी रुमाल द्या."

दरबार खुसखुसला. राजा हट्टाला पेटला. वाटी सारून त्याने दोन्ही हातांनी फणस उकलला. उजवा हात लख्ख राहिला. डाव्याची बोटं एकमेकांना चिकटली, आणि मिशी सावरायला गेला तर मिशीलाही.

"डाव्याला जे झालं ते उजव्याला झालं नाही," हौसा म्हणाली. "तीच न झालेली जखम, महाराज. बघून घ्या."

राजा आधी लाल झाला, मग पोट धरून हसला. डाव्या हाताला अंगरखाही चिकटला. हुकूम सुटला: लेपाचा रांजण रंगशाळेच्या दारात, आणि तो रोज भरायचं काम दाजीपंतांकडे!

खुशीत राजाने चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. डावाच. काढताना चार केस सोबत आले.

चिमी कळवळून म्हणाली, "आई, राजाचा हात पण चावतो."