न चढलेली पायरी

माझी सून वैजयंता हिने घरबसल्या मोबाइलवर सार्वजनिक धोरणाचा फुकटचा कोर्स केला. सरकारी योजना कशा राबवतात आणि गावाने जाब कसा विचारायचा, हे त्यात शिकवतात. तिचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावलं.

पुढच्याच ग्रामसभेत ती उठली. "शाळेत मुलींच्या शौचालयाला नळ नाही. मोठ्या मुली घरी बसायला लागल्यात. नळ कधी लागणार?"

तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी गवारेसाहेब हसले. "बाई, तुमचं सर्टिफिकेट कानावर आलंय. कॉलेजची पायरी न चढता मिळालेलं! जागेवर न जाता केलेला कागद फाडून टाकावा."

सभा खिदळली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

वैजयंताने शांतपणे विचारलं, "असा कुणाचाही कागद, साहेब?"

"कुणाचाही!"

"ग्रामसेवक भाऊ, साहेबांचं म्हणणं वहीत लिहून घ्या."

लिहून होताच तिने पिशवीतून माहिती अधिकारात मिळालेला एक अहवाल काढला. "आमच्या शाळेची पाहणी. यात लिहिलंय, मुलींच्या शौचालयात नळाला भरपूर पाणी. खाली सही तुमची. तुम्ही शाळेत कधी आला होतात, हे समोर बसलेल्या हेडमास्तरांना विचारू?"

हेडमास्तरांनी मान खाली घातली. साहेब घाम पुसू लागले.

"फाडा, साहेब," वैजयंता म्हणाली, "नाहीतर नळ लावून हा कागद खरा करा."

आठव्या दिवशी नळ लागला. तो बघायला गवारेसाहेब जातीने आले आणि पहिल्यांदाच आमच्या शाळेची पायरी चढले.